हक्कसोडपत्र लिहून घेताना: सोलापुरातील एका दस्तलेखकाच्या सेवेविषयी अभिप्राय

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या परिसरात दस्तलेखनाचे काम करणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांकडून आम्ही तिघा भावंडांनी गेल्या उन्हाळ्यात हक्कसोडपत्र लिहून घेतले, त्या सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण तशी त्यांचीच इच्छा आहे. परंतु दस्तलेखकाकडून काय अपेक्षावे आणि कोणत्या ठिकाणी त्याला थांबवून प्रश्न विचारावा, हे मला त्यांच्या टेबलासमोर बसून कळले, आणि ते इतरांना, विशेषतः माहेरच्या मिळकतीवर सही करायला निघालेल्या बहिणींना कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकविली. ‘सोडणे’ हे क्रियापद मी फळ्यावर असंख्य वेळा चालविले असेल, पण त्याचा पूर्ण अर्थ मला साठीच्या उंबरठ्यावर, एका मुद्रांकाच्या कागदावर उमगला.

प्रसंग साधा होता. शुक्रवार पेठेतील जुने घर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातील साडेसहा एकर जिराईत जमीन ही आमची वडिलोपार्जित मिळकत. वडील २००१ साली वारले, त्यानंतर काही वर्षांनी आईही गेली. घराची पडझड होऊ लागल्यावर धाकट्या भावाने ते नव्याने बांधण्याचे ठरविले, त्यासाठी कर्ज लागणार होते आणि बँकेने मालमत्ता पत्रकावर एकट्याचे नाव असावे असे सांगितले. अक्काने आणि मी घरावरचा आमचा हक्क भावाच्या लाभात सोडायचा आणि जमीन मात्र तिघांच्या नावे राहू द्यायची, असे आम्ही घरात बसून, कोणताही कडवटपणा न येता ठरविले होते.

पहिला मसुदा आम्ही दुसऱ्याच एका ठिकाणी करून घेतला होता. त्या ठिकाणचे नाव घेण्याचे कारण नाही, पण तेथे जे घडले ते सांगितल्याशिवाय नंतरच्या सेवेचे मोल कळणार नाही. मसुद्यात घराच्या वर्णनाखाली ‘तसेच लिहून देणार यांचा इतर सर्व स्थावर व जंगम मिळकतींतील हक्क’ असे एक वाक्य घातलेले होते (‘लिहून देणार’ म्हणजे आम्ही बहिणी), म्हणजे जमीनही त्यात गेली असती. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, हा ठरावीक नमुना आहे, वडील २००५ च्या आधीच वारल्यामुळे मुलींचा तसा काही संबंधच उरत नाही, सही तेवढी लागते. अक्का कर्नाटकातील इंडीला असते, गेली पंचेचाळीस वर्षे तिचे सगळे व्यवहार कानडीत होतात, मराठी वाचताना ती अडखळते. ती मान डोलावून सही करायला पुढे झाली होती. मी तिचा हात धरला आणि आम्ही कागद घेऊन बाहेर पडलो.

एका परिचित शिक्षिकेने या दुसऱ्या दस्तलेखकांचे नाव सुचविले. अरुंद जिन्याने वर गेल्यावर एक खोली, दोन टेबले, एक संगणक, भिंतीला लागून बांधलेली बाडे. दस्तलेखक काकांनी पहिला मसुदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि अक्काला विचारले, “अक्का, यात तुम्ही काय सोडताय?” अक्का म्हणाली, “सही लागते म्हणाले, काही सोडायचं नाही.” त्यावर ते म्हणाले, “मग सहीच कशाला लागते? जे हातात नाही ते सोडता येत नाही. तुमची सही हवी आहे याचाच अर्थ तुमच्या हातात काहीतरी आहे. ते काय आहे ते आधी बघू, मग सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

या चार वाक्यांसाठीच मी हा अभिप्राय लिहायला बसले असे म्हटले तरी चालेल. ‘हक्क सोडणे’ या क्रियापदाच्या पोटात ‘हक्क असणे’ आधीपासून असते. बहिणीला ‘तुझा काही संबंध नाही’ असे सांगायचे आणि त्याच श्वासात तिच्याकडून हक्कसोड लिहून घ्यायची, ही दोन विधाने एका कागदावर एकत्र नांदू शकत नाहीत. कायदाही तेच सांगतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन ९ सप्टेंबरपासून मुलीला जन्मतःच मुलाच्या बरोबरीने सहदायिकाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सेदाराचा, दर्जा मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. त्याआधीही, म्हणजे १९५६ च्या मूळ कायद्यानुसारसुद्धा, वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस होतीच. काकांनी हे सर्व अक्काला सांगितले, आणि सांगितले ते कानडीत.

सोलापुरात बसून दस्त लिहिणाऱ्याला मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि उर्दू कामापुरती यावी लागते, कारण या शहराची माणसेच तशी आहेत. पण काका नुसते भाषांतर करीत नाहीत, प्रत्येक भाषेत त्या क्रियेसाठी लोक काय म्हणतात ते शोधून तो शब्द वापरतात. अक्काला त्यांनी ‘बिट्टुकोडु’ हा शब्द दिला. ‘बिट्टु’ म्हणजे सोडून आणि ‘कोडु’ म्हणजे दे, अगदी आपल्या ‘सोडून देणे’सारखी घडण. ‘हक्कु बिडुगडे पत्र’ हे नाव ऐकताच अक्काच्या चेहऱ्यावर जे आले ते मी विसरणार नाही. आपण काहीतरी देत आहोत, हे तिला त्या क्षणी प्रथम कळले. नंतर काकांनी मला सांगितले की, तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबांशी बोलताना ते ‘वदुलुकोवडं’ म्हणतात, आणि त्या शब्दात सोडण्याच्या क्रियेला जोडलेले क्रियापद ‘घेणे’ या अर्थाचे आहे. एका भाषेत सोडून देतात आणि शेजारच्या भाषेत जणू सोडून घेतात, याचे मला फार नवल वाटले.

आपल्या मराठीतही ही दोन टोके आहेत. एकाच धातूपासून ‘सुटणे’, ‘सोडणे’ आणि ‘सोडवणे’ ही तीन रूपे निघतात आणि मिळकतीच्या व्यवहारात तिन्ही लागतात, पण प्रत्येकाचे काम निराळे आहे. हक्क ‘सुटला’ म्हटले की तो कोणी सोडला हे सांगावे लागत नाही. कर्ता नाहीसा होतो, आणि पुढे वाद झाला तर कोणाच्या इच्छेने सुटला हा प्रश्न उघडाच राहतो. हक्क ‘सोडला’ म्हटले की सोडणारा समोर उभा राहतो, त्याचे वय, त्याची समज, त्याची राजीखुशी यांना अर्थ येतो. आणि गहाण ‘सोडवून घेतले’ म्हटले की क्रियेची दिशाच उलटते; जे दुसऱ्याकडे अडकले होते ते आपल्याकडे येते. काकांनी आमच्या पहिल्या मसुद्यातील ‘लिहून देणार यांचा हक्क सुटलेला आहे’ हे वाक्य लाल शाईने खोडले आणि तेथे लिहिले: ‘आम्ही लिहून देणार आमचा अविभक्त हिस्सा या दस्तान्वये लिहून घेणार यांचे लाभात कायमचा सोडून देत आहोत.’ त्यांचे म्हणणे असे की, ‘सोडू’ लिहिले तर ते नुसते वचन होते, ‘पूर्वीच सोडलेला आहे’ लिहिले तर केव्हा आणि कोणत्या कागदाने, असे कोणीही विचारू शकतो. हक्क जातो तो याच कागदाने आणि याच दिवशी, म्हणून क्रियापदही आजचेच हवे. तीस वर्षे काळ आणि अर्थ शिकविणाऱ्या मला याहून चांगला पाठ कोणी दिलेला नाही.

‘यांचे लाभात’ या दोन शब्दांवरही ते बराच वेळ थांबले. ‘सोडणे’ या क्रियापदाला घेणारा लागत नाही. पक्षी सोडला, गाव सोडले, पान सोडून उठला, यांत कोणाला दिले हा प्रश्न येत नाही. ‘सुपूर्द करणे’, ‘हवाली करणे’, ‘स्वाधीन करणे’ यांचे तसे नाही. ‘कोणाला’ हे सांगितल्याशिवाय ती वाक्ये पुरी होत नाहीत. म्हणून हक्कसोडपत्रात घेणाऱ्याचे नाव आणि ‘लाभात’ हा शब्द स्वतंत्रपणे घालावा लागतो, नाहीतर सोडलेला हिस्सा एकाच सहहिस्सेदाराला मिळाला की उरलेल्या सर्वांना, या वादाला जागा राहते. शिवाय हक्कसोड होते ती सहहिस्सेदाराच्याच लाभात. ज्याचा मिळकतीत मुळीच हिस्सा नाही अशा माणसाला द्यायचे असेल तर त्याला बक्षीसपत्र किंवा खरेदीखत म्हणावे लागते, मग कागदाच्या माथ्यावर काहीही नाव घातलेले असो. हयात वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पुढे कधीतरी मिळेल या आशेवरचा हक्कही आज सोडता येत नाही, कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ नुसार नुसत्या आशेचे हस्तांतरण होत नाही. येथेही काकांचे तेच वाक्य लागू पडते: जे हातात नाही ते सोडता येत नाही.

लिहून देणे आणि हवाली करणे यांत किती अंतर असू शकते, याचा दाखला सोलापूरकराला शोधायला लांब जावे लागत नाही. आपला भुईकोट किल्लाच पाहावा. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातील मुलगी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला दिली तेव्हा सोलापूर आणि भोवतालचा मुलूख आंदण म्हणून देण्याचे कबूल झाले; कबूल झाले, पण हवाली झाला नाही, आणि त्या न दिलेल्या किल्ल्यासाठी दोन्ही दरबार पुढे अनेक वर्षे लढत राहिले. शेवटी तालिकोटच्या १५६५ च्या लढाईआधी दोन्ही घराण्यांत सोयरीक जुळली, चांदबिबी विजापूरला गेली आणि तिच्याबरोबर सोलापूर अहमदनगरने विजापूरला दिले. जो शब्द कागदावर असतो आणि जो किल्लीबरोबर हातात पडतो, ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि म्हणून काकांनी आमच्या दस्तात हक्क सोडल्याच्या कलमानंतर ताब्याचे कलम निराळे लिहिले: घराचा प्रत्यक्ष ताबा भावाकडे पूर्वीपासून आहे आणि तो तसाच राहील.

आणखी एका शब्दाविषयी लिहिण्याचा मोह आवरत नाही. जमिनीचे जुने उतारे पाहताना एका फेरफारात ‘राजीनामा’ असे लिहिलेले आढळले, आणि मला वाटले की आमच्या पणजोबांनी कोणती नोकरी सोडली असावी. काकांनी समजावले की, मुंबई इलाख्यात १८७९ च्या जमीन महसूल कायद्याच्या काळात जमीन सोडणारा खातेदार सरकारकडे राजीनामा देई आणि ती जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. दोन कागद मिळून एक व्यवहार पुरा होई. ‘राजी’ आणि ‘नामा’ यांचा जोड म्हणजे संमतीचा लेख. पद सोडण्याचा अर्थ आज तेवढा उरला आहे, पण मुळात त्या शब्दात भर सोडण्यावर नव्हता, राजी असण्यावर होता. दस्ताच्या शेवटी आजही ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले’ असे येते ते याच वळणाचे आहे, आणि काका ते वाक्य पाठ म्हटल्यासारखे वाचत नाहीत. तेथे थांबून सही करणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात.

लोकभाषेत आपण ‘हक्कावर पाणी सोडले’ म्हणतो. दान देताना हातावरून उदक सोडण्याची रीत फार जुनी आहे, प्राचीन ताम्रपटांतही भूमिदान उदकपूर्वक दिल्याचे उल्लेख येतात, आणि यज्ञात आहुती दिल्यावर ‘न मम’ म्हणतात तेही याच कुळातले. पण बोलताना ‘पाणी सोडले’ यात हताशपणा येतो, ‘तिलांजली दिली’ यात शेवटची ताटातूट येते, ‘घरावर तुळशीपत्र ठेवले’ यात सर्वस्व टाकून निघणे येते. ‘त्याग’ हा शब्द तर सोडणाऱ्याला मोठेपणा देऊन त्याचे तोंड बंद करतो. पहिल्या मसुद्यात ‘भगिनींनी बंधुप्रेमापोटी त्याग केला’ असे होते. काकांनी तेही काढले. प्रेम असेल तर ते घरात असू द्या, कागदावर हिस्सा किती आणि गेला किती एवढे पुरे, असे ते म्हणाले. मला ते पटले. माझ्या आणि अक्काच्या तृतीयांश हिश्श्याचा आकडा त्या कागदावर प्रथमच कोणीतरी लिहिला, आणि तो लिहिल्यावरच आम्ही तो सोडला.

आता सेवेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. भेटीची वेळ दिलेली असूनही आम्हाला पहिल्या दिवशी दोन तास थांबावे लागले, आणि तो जिना सत्तरीच्या अक्काला दोनदा चढावा लागला. काम तीन फेऱ्यांत झाले. इंडीहून येणाऱ्याला तिसरी फेरी जड जाते, आणि साक्षीदारांची कागदपत्रे कोणती लागतील हे आधीच लिहून दिले असते तर ती टळली असती. लेखनाची फी रोखीने घेतात आणि पावती मागितल्यावर देतात. ती न मागता द्यायला हवी. संगणकावरचा टंक इतका बारीक आहे की, वाचून दाखविण्यावर एवढा भर देणाऱ्या कार्यालयाने सही करणाऱ्याला स्वतः वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत एक प्रत काढून द्यावी, असे मी त्यांना सांगितले. ‘सदरहू’, ‘सबब’, ‘तोशीस लागू देणार नाही’ अशी जुनी भाषा त्यांनी ठेवली आहे. माझी तिच्याविषयी तक्रार नाही, कारण तिचा अर्थ ते विचारल्यावर सांगतात, पण तरुण मुलांना ती जाचक वाटेल.

खर्चाचे म्हणाल तर वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क मोबदला न घेता भाऊ, बहीण, आईवडील, मुले अशा जवळच्या नातलगांच्या लाभात सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते. ते पूर्वी २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये झाले. हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले आणि त्याहून एक रुपयाही शुल्काच्या नावाखाली मागितला नाही. नोंदणीवर मात्र ते अडून बसतात, आणि ते योग्यच आहे: स्थावर मिळकतीतील १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीचा हक्क नाहीसा करणारा दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार नोंदवावाच लागतो, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकांसमोर सादर करावा लागतो. नुसत्या मुद्रांकावर सह्या करून कपाटात ठेवलेले हक्कसोडपत्र दाखविणारी दोन कुटुंबे मी तेथे बसल्या बसल्या पाहिली.

निबंधक कार्यालयात काका स्वतः आले. ई-चलान, छायाचित्र, अंगठे, ओळख पटविणारे दोन साक्षीदार, सगळे अर्ध्या दिवसात उरकले. अक्काने सही कानडीत केली. तिच्या सहीशेजारी काकांनी आधीच एक ओळ घातली होती: ‘दस्तातील मजकूर कानडी भाषेत वाचून व समजावून सांगितला, तो मान्य आहे.’ सही करण्यापूर्वी अक्काने त्यांना विचारले, “जमीन यात नाही ना?” त्यांनी मिळकतीच्या वर्णनाचे पान उलटून सिटी सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमा पुन्हा वाचून दाखविल्या, आणि दस्तात अन्य कोणत्याही मिळकतीचा समावेश नसल्याचे कलम तिच्या बोटाने तिला दाखवायला लावले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी मालमत्ता पत्रकाचा किंवा सात-बाराचा ताजा उतारा, मृत्यूचे दाखले, सर्व वारसांची नावे असलेला तक्ता आणि सर्वांची ओळखपत्रे बरोबर न्यावीत. वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी लागते, ती असल्याशिवाय काका काम हाती घेत नाहीत. सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत घेतल्यावर नगर भूमापन कार्यालयातील नोंदीसाठीचा अर्जही तेच लिहून देतात; शेतजमीन असेल तर फेरफाराची नोंद गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या तलाठ्याकडे) होते आणि हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. सकाळी अकराच्या आत पोचावे, दुपारनंतर ते बहुधा निबंधक कार्यालयात असतात, आणि ज्या व्यक्तीचा हक्क सोडायचा आहे तिला पहिल्याच दिवशी बरोबर न्यावे, कारण ती समोर असल्याशिवाय ते एक ओळही लिहीत नाहीत.